पंचवीस पावसाळे

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या दिवसापासून सुरू करावा, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. आमच्या दुकानाला तसा दिवस नाही. नारळ फुटल्याचं कुणाला आठवत नाही आणि फीत कापायला कुणी पाहुणा आल्याची नोंद नाही. पहिली वही उघडली तर वर ‘श्री’, खाली ‘साखर, लोणी, अक्रोड’ आणि त्याखाली ‘ताडपत्री, सुतळी’. तारखेवर पाणी पडलेलं. पाचगणीत ताडपत्री आणि सुतळी एकाच दिवशी घेतली म्हणजे मेचा शेवट किंवा जूनची सुरुवात, यात वाद नाही. साल २००१. तेव्हापासून आम्ही वर्षं मोजत नाही, पावसाळे मोजतो. यंदाचा पंचविसावा.

मी दुकानाचा हिशेबनीस. वह्या माझ्याकडे आहेत, म्हणून स्मरणिकेच्या समितीनं हे काम माझ्या गळ्यात घातलं. ज्यांच्या स्वयंपाकघरातून दुकान निघालं त्या काकूंनी एकच अट घातली, मजकुरात कुणाचं नाव नको. ‘‘नावं छापली की राहिलेल्यांचे फोन येतात, आणि ते फोन मला घ्यावे लागतात.’’ दुकानाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात आहेच, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

चॉकलेटचं दुकान म्हटलं की प्रत्येक जण विचारतो, ‘‘मे महिन्यात वितळत नाही का हो?’’ वितळतं. पण वितळलेलं चॉकलेट पुन्हा थिजवता येतं, फार तर त्याची तकाकी जाते. ओल लागलेलं चॉकलेट मात्र हातचं जातं. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटरवरच्या या गावात उन्हाळा पाहुण्यासारखा येतो. पाऊस घरचा. पंचवीस वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंचसं त्यानंच शिकवलं आणि त्याची फीही वेळच्या वेळी वसूल केली.

खरं तर सुरुवात चॉकलेटनं झालीच नाही, फजनं झाली. काकूंच्या शेजारी एका शाळेच्या वसतिगृहातून निवृत्त झालेल्या पारशी मेट्रनबाई राहत. पाचगणीत निवासी शाळा किती आणि किती जुन्या, हे वाचकांना सांगायला नको. त्यामुळे अशा मेट्रनबाई गावात बऱ्याच होत्या आणि प्रत्येकीकडे एखादी हातखंडा पाककृती असायची. या बाईंचा हातखंडा अक्रोड घातलेला चॉकलेट फज. दूध, साखर, लोणी, कोको एकत्र आटवायचं, पाक जमला की उतरवायचं, गार होऊ द्यायचं आणि मग हात दुखेपर्यंत घोटायचं.

पाक जमला हे ओळखायचं कसं, यावर दोघींचं कधी पटलं नाही. बाईंकडे साखरेचा विलायती थर्मामीटर आणि विलायती पुस्तक. पुस्तकात ११५ अंश सेल्सियसला उतरवा असं लिहिलेलं, म्हणून बाई ११५ ची वाट बघत. काकू वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब सोडत. बोटात मऊ गोळी वळली की ‘‘झालं’’ म्हणत. वड्या थापण्यात हयात गेलेल्या बाईला गोळीबंद पाक कुणी शिकवावा लागत नाही. काकूंचं ‘झालं’ थर्मामीटरच्या बरंच आधी येई, आणि बाईंचा फज नेहमी अंमळ कोरडा होई. कारण पुढे एका शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी समजावलं. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा होता. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी शंभराऐवजी शहाण्णवच्या आसपास उकळतं, तेव्हा पाकही चारेक अंश आधीच तयार होतो. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पुस्तकात पेन्सिलीनं ११५ खोडून १११ लिहिलं, आणि काकूंच्या वाटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते पुस्तक दुकानात आहे. आकडाही आहे.

बाईंनी दुकानाला दिलेली दुसरी वस्तू म्हणजे माशाचा पत्र्याचा साचा. पारशी घरांत शुभकार्याला माव्याचा मासा करतात, मावानी बोई म्हणतात त्याला, त्याचा हा साचा. वर्षानुवर्षं वापरून शेपटीपाशी पिचलेला. काकूंनी त्यात चॉकलेट ओतून पाहिलं आणि शाळेतल्या पोरांनी तो मासा असा उचलला, की फज मागे पडून दुकान चॉकलेटचं झालं. कधीतरी पिचक्या शेपटीचा साचा बदलून चांगला आणला, तर मुलांनी ‘‘हा आपला मासा नाही’’ म्हणून नाकारला. जुनाच पुन्हा काढावा लागला.

‘होममेड चॉकलेट’ अशी पाटी आपल्या सगळ्या थंड हवेच्या गावांत दिसते. तिच्यामागचं गुपित या स्मरणिकेच्या निमित्तानं सांगून टाकायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी, आणि पहिली दहा-बारा वर्षं आमच्याकडेही, ते कंपाउंड असतं. म्हणजे कोको पावडर, साखर, दूध पावडर आणि कोको बटरच्या जागी वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी. तयार स्लॅब आणायचा, पातेल्यात पातेलं ठेवून वितळवायचा, काजू-मनुका घालून साच्यात ओतायचा. स्लॅब आणि साचे पुण्याच्या बोहरी आळीतून यायचे. काकूंचे यजमान आठवड्याला एसटीनं जात आणि येताना सीटखाली खोकं सरकवून, पाय वर घेऊन बसत. वाई येईपर्यंत पायांना ऊब लागली तर समजायचं, वरचा थर मऊ झाला.

कंपाउंडला नावं ठेवायची हल्ली पद्धत पडली आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. जिभेवर ठेवताच विरघळतं ते त्यामुळे, आणि पसरणीच्या घाटातून उतरणाऱ्या गाडीच्या डिकीत त्याचं पिठलं होतं तेही त्यामुळेच. कंपाउंडची चरबी त्याहून चिवट. टाळूला मेणासारखी चिकटते हे खरं, पण सुरतेपर्यंत वडी वडीच राहते. मेमध्ये वाईचा पारा चाळिशीला टेकलेला असताना गिऱ्हाइकाला हे सुख स्वस्तात मिळत होतं. चूक एवढीच होती, की आम्ही ते काय आहे हे सांगत नव्हतो. आता दोन कपाटं वेगळी आहेत आणि एकावर ‘कंपाउंड’ असं सरळ मराठीत लिहिलं आहे. त्यानं विक्री घटेल असं मला वाटलं होतं. घटली नाही, लोक वाचतच नाहीत.

जागेबद्दल थोडं. जॉन चेसन नावाच्या साहेबानं १८६० च्या दशकात इथे वस्ती वसवली, ती महाबळेश्वरच्या पावसाला कंटाळलेल्या लोकांसाठी. तिकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि आम्ही वीस किलोमीटरच्या आत असूनही आमच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहून कमी येतो. म्हणून पावसाळ्यातही इथे राहता येतं, म्हणून शाळा इथे आल्या, आणि म्हणूनच जून ते सप्टेंबर आमचं दुकान उघडं ठेवण्यात काही अर्थ असतो. दुकान आहे ते बाजारातल्या जांभ्याच्या जुन्या दोन खोल्यांत. पुढची विक्रीची, मागची भट्टीची. दुकान सुरू झालं त्याच वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. बांधकामावर बंधनं आली. तिसरी खोली काढायचा विषय दर दोन वर्षांनी निघतो आणि तिथेच मिटतो. जांभा उन्हाळ्यात खोली गार ठेवतो आणि पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी पितो. पावसाच्या बाजूला गवताचे झाप बांधले तरी ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला की तळवा ओला होतो.

पहिल्या पावसाळ्याची गोष्ट आम्ही नवीन मुलींना कामावर घेताना सांगतो. काकूंना वाटलं, दमट हवेपासून माल वाचवायचा तर फ्रिजमध्ये ठेवावा. साडेतीनशे वड्या चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये गेल्या. एका शाळेच्या पालकसभेच्या दिवशी त्या बाहेर काढल्या, ताटात मांडल्या. पाच मिनिटांत कागदाआड घाम फुटला. फ्रिजमधली गार वस्तू बाहेरच्या ओल्या हवेत आली, की गार तांब्यावर धरतं तसं तिच्यावर पाणी धरतं. त्या पाण्यानं वरची साखर विरघळली, पाणी सुकल्यावर साखर पुन्हा वर बसली, पांढरी आणि खरखरीत. संध्याकाळी एक आई परत आली. शांत बाई होत्या. वडी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, ‘‘बुरशी आहे.’’ बुरशी नव्हती, पण हे त्यांना पटवण्याइतकं ज्ञान तेव्हा आमच्याकडे नव्हतं. सगळ्यांचे पैसे परत केले. त्या दिवसाच्या पानावर जमेच्या बाजूला शून्य आहे आणि शून्याला काकूंच्या हातची दुहेरी रेघ आहे.

आज असं पांढरं ओळखायची परीक्षा मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतो. चॉकलेटवर पांढरं दिसलं तर त्यावर बोटानं पाण्याचा थेंब ठेवायचा. पांढरं विरघळलं तर ती साखर, म्हणजे ओल लागली. थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर ती चरबी, म्हणजे ऊब लागली. दोन्ही खाल्ल्यानं काही होत नाही, दोन्ही विकता येत नाहीत. पण चूक कुणाची हे कळतं. पहिलीत भट्टीवाल्याची, दुसरीत टेम्पोवाल्याची.

पाण्याचा दुसरा खेळ पातेल्यात. चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यातल्या वाफेचा एक थेंब वर पडला, की चमकदार, धारेनं पडणारं चॉकलेट क्षणात आवळून गोळा होतं, चुन्यासारखं भरभरीत. दोन किलो माल एका थेंबानं जातो. गंमत अशी, की एका थेंबानं बिघडलेलं चॉकलेट वाटीभर पाण्यानं सावरतं. भरपूर गरम दूध घालून घोटलं तर त्याचा सॉस होतो. वडी नाही, पण सॉस उत्तम. पावसाळ्यात आमच्याकडे गरम चॉकलेट मिळतं आणि त्याची तारीफ होते. ते सुरू झालं ते एका जुलैतल्या दुपारी, दोन किलोचं काय करायचं या चिंतेतून. त्या दिवशी समोरच्या शिंप्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी प्यालं. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्टमन पैसे घेऊन आला आणि म्हणाला, आजही द्या.

भट्टीच्या खोलीत दमटपणा मोजायचं यंत्र बरंच उशिरा आलं. तोवर काकूंचं यंत्र म्हणजे काड्यापेटी. सकाळी मागच्या खोलीच्या कोनाड्यात रात्रभर ठेवलेली पेटी घ्यायची, काडी ओढायची. पहिल्या काडीला पेटली तर साचे भरायचे, दुसरी लागली तर फक्त काजू भाजायचे, तिसरीलाही नुसता फुस्स आवाज आला तर फज करायचा, कारण फजाला तितका फरक पडत नाही. पुढे यंत्र आणलं तेव्हा मी महिनाभर दोन्हींची नोंद ठेवली. पहिल्या काडीला पेटण्याचे दिवस आणि यंत्रात साठच्या खाली आर्द्रता असण्याचे दिवस इतके जुळले, की यंत्राच्या खर्चाबद्दल मला वाईट वाटलं. आता वातानुकूलन आहे, हवेतलं पाणी ओढून बादलीत जमवणारं यंत्र आहे. आषाढात ती बादली दिवसातून दोनदा ओतावी लागते. काड्यापेटी कोनाड्यातच आहे. वीज गेली की तीच प्रमाण.

कामाला येणाऱ्या बाया दांडेघर, खिंगर, भिलारकडच्या. त्यांचं वर्ष शेताच्या हिशेबानं चालतं, म्हणून दुकानाचंही तसंच चालतं. जून-जुलैत भाताची लावणी, तेव्हा आमच्याकडे माणसं कमी आणि गिऱ्हाईकही कमी, ते एक बरं. सप्टेंबरपासून स्ट्रॉबेरीचे वाफे आणि रोपांची लागण, डिसेंबरपासून तोडणी. तोडणी पहाटे होते, दहापर्यंत फळ पेट्यांत भरून निघतं, आणि त्याच बाया अकराला हात धुऊन दुकानात येतात. मालकीणबाईंनी वेळ ठरवली असा हा प्रकार नाही, स्ट्रॉबेरीनं ठरवली आहे. देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास या पट्ट्यात पिकते असं सांगतात आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यापुढे चॉकलेटच्या दुकानानं वेळापत्रकाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

स्ट्रॉबेरी चॉकलेटमध्ये बुडवून द्यायची टूम आमची नाही, पण तिचे नियम आमचे आहेत. फळ म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाण्याशी आपलं वैर. धुतलेलं फळ मलमलीवर पसरून देठापर्यंत कोरडं करायचं, एकाही फळाला दात किंवा नखाचा डाग नको, बुडवल्यावर त्याच दिवशी विकायचं. संध्याकाळी उरलं तर कवचाखाली रस सुटतो आणि खालून पाघळायला लागतो. उरलेलं आम्ही खातो. जानेवारीत दुकानातल्या माणसांची वजनं का वाढतात, याचं उत्तर इथे आहे.

थंडी हा आमचा सुखाचा काळ. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, त्या आठवड्यात भट्टीची खोली आपोआप सोळा-अठरा अंशांवर असते, हवा कोरडी असते आणि वीज मंडळाची मेहेरबानी लागत नाही. अस्सल चॉकलेट, म्हणजे कोको बटरचं, आम्ही अशाच एका डिसेंबरात शिकलो. काकूंची सून तेव्हा नुकतीच आली होती. तिनं पुण्यात रीतसर शिक्षण घेतलेलं. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यातली पाचवीच आपल्या कामाची, हे तिनं सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘तुपासारखंच की.’’ तूप सावकाश थिजलं तर रवाळ होतं, झटकन थिजवलं तर लोण्यासारखं, हे घरात कोण जाणत नाही? उदाहरण शंभर टक्के बरोबर नसेल, पण त्यानं काम झालं. काळं चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, संगमरवरावर पसरून, उलथण्यानं गोळा करत, पुन्हा पसरत २७-२८ पर्यंत आणायचं, मग हलकेच ३१-३२ वर चढवून साच्यात ओतायचं. दुधाचं दोन अंश खाली. जमलं तर वडी साच्यातून स्वतःहून सुटते, आरशासारखी चमकते, मोडताना टक्कन आवाज येतो. नाही जमलं तर साच्याला चिकटून बसते आणि चार दिवसांत तिच्यावर राखाडी ढग येतात.

पहिली टक्कन मोडलेली वडी सासू-सुनेनं अर्धी-अर्धी खाल्ली. मी हिशेबाला बसलो होतो, मला दिली नाही. आता केरळातल्या इडुक्कीचा आणि आंध्रातल्या गोदावरीकाठचा कोकोही वापरतो. गिऱ्हाईक विचारतं, यात महाग काय आहे? त्याला समजावत बसण्यापेक्षा एक तुकडा अस्सल आणि एक कंपाउंडचा हातावर ठेवतो. चारांतले तीन जण कंपाउंडच घेतात. चौथा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

सणासुदीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात आमचं वेगळं असं काही नाही. दिवाळीला सुक्या मेव्याच्या चॉकलेटचे डबे, नाताळाला आणि एकतीस डिसेंबरला गर्दी, फेब्रुवारीत लाल कागदातले बदाम, ईस्टरला पोकळ अंडी. एक दिवाळी मात्र लक्षात राहिली. ऑक्टोबर २००३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याची बातमी राज्यभर झाली. आपला काही संबंध नाही, उलट घरगुती माल म्हणून लोक आपल्याकडे येतील, असं आम्हाला वाटलं. लोक आले, पण प्रत्येक वडी मोडून, आत बघून, मगच घेऊ लागले. काकूंनी काउंटरवर एक सुरी आणि पाट ठेवून दिला. ‘‘कापून बघा, कापलेली वडी तुमची, पैसे नकोत.’’ त्या दिवाळीत फुकट गेलेल्या वड्यांचा खर्च मी ‘जाहिरात’ या सदराखाली लिहिला आहे. तपासनिसांनी विचारलं होतं, कुठल्या वर्तमानपत्रात?

मे महिना म्हणजे बाहेरच्या भाषेत ‘सीझन’. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर शनिवार-रविवारही सीझनमध्ये धरायला लागलो. टेबललँडवरून घोड्यांची धूळ अंगावर घेऊन आलेली माणसं दुकानात शिरतात, दार उघडं ठेवतात आणि वातानुकूलनाचा जीव जातो. गाडीवाले गिऱ्हाईक घेऊन येतात आणि त्यांचा कट ठरलेला असतो. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत आम्हीही तो दिला. मग काकूंनी बंद केला. त्या मेमध्ये विक्री पडली ती पुढची दोन वर्षं वर आली नाही. याबद्दल त्या कुणाकडे तक्रार करत नाहीत आणि कुणी कौतुक केलेलंही त्यांना चालत नाही. ‘‘मला गणित जमत नव्हतं म्हणून बंद केला,’’ म्हणतात. गणित माझ्याकडे होतं, ते जमत होतं.

पर्यटकांतले काही जण गायक फ्रेडी मर्क्युरीबद्दल विचारतात. ते १९५५ पासून इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, हे खरं. आमच्या दुकानातून त्यांनी चॉकलेट घेतलं का, या प्रश्नाला सरळ वजाबाकीचं उत्तर आहे. तरी त्यांच्या नावाची वडी काढा, खूप खपेल, असा सल्ला दर मोसमात कुणीतरी देतं. काकू म्हणतात, मासा आहे तेवढा पुरे.

दुकान खऱ्या अर्थानं चाललं ते शाळांच्या मुलांवर. रविवारी बाहेर सोडल्यावर ओळीनं येणारी, मुठीत मोजकी नाणी असलेली मुलं. त्यांना कागदी पुडीत ‘चुरा’ मिळतो, म्हणजे साच्याबाहेर सांडलेलं, कडा छाटताना निघालेलं चॉकलेट, वजनावर, निम्म्या भावात. हे नाव मुलांनीच ठेवलं. मोठेपणी आपल्या मुलांना घेऊन आलेले माजी विद्यार्थी उंची डबे सोडून चुरा मागतात, आणि तो रविवारशिवाय नसतो म्हटल्यावर रुसतात.

आता संकटांचा रकाना. अन्नसुरक्षेचा कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, टाइल्स, टोप्या, पाण्याचा तपासणी अहवाल. कटकट वाटली, पण टोप्या दहा वर्षं आधीच घालायला हव्या होत्या, हे मान्य करतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा गेल्या तेव्हा दिवाळीची सुट्टी संपत आली होती, म्हणून निभावलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, चॉकलेटवर २८ टक्के. नोव्हेंबरात तो १८ झाला आणि यंदा, २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी पाचवर आला. तिन्ही वेळा छापील किमतीच्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ईस्टरची अंडी तयार होती. शाळा रिकाम्या, चर्च बंद, घाट बंद. मालाला दोन-तीन महिन्यांचं आयुष्य आणि पुढे पावसाळा. दांडेघर नाक्यावर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांनी आणि आशाताईंनी त्या वर्षीचा ईस्टर खाल्ला. साचे कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. दोन खोल्यांचं भाडं आणि सहा बायांचा अर्धा पगार कसा निघाला, हे वहीत आहे. काकूंच्या पाटल्यांचा उल्लेख वहीत नाही, पण त्या एप्रिलपासून त्यांच्या हातात दिसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. डोंगर सुटले, रस्ते गेले. आमच्या मागच्या भिंतीतून पाणी आत आलं आणि माळा गळला. माणसांची हानी इतकी झाली होती, की त्या आठवड्यात दुकानाबद्दल बोलायची कुणालाच इच्छा नव्हती. पाणी उपसलं, भिंतीला चुना लावला, सप्टेंबरात उघडलं.

मग कोको. न्यूयॉर्कच्या बाजारात त्याचा भाव मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदाच टनाला दहा हजार डॉलरवर गेला आणि त्याच डिसेंबरात बारा हजारांच्या पुढे. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. तिथे आधी अवेळी भरमसाट पाऊस झाला, शेंगा काळ्या पडून कुजण्याचा रोग पसरला, त्यावर कोरडा काळ आला. कागदावरचे हे खुलासे वाचून दाखवले तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे तिकडच्या पावसाचं बिलही आपणच भरायचं?’’ भरलं. वडी लहान केली नाही, भाव वाढवला. आकार कमी करून तोच भाव ठेवायचा सल्ला मी दिला होता, तो फेटाळला गेल्याची नोंद असावी.

समितीनं शेवटी स्थापनेच्या वेळचं एक छायाचित्र मागितलं आहे. होतं. मेट्रनबाई, काकू, काकूंचे यजमान आणि पायरीवर खोकी. बाई आणि यजमान आज नाहीत, म्हणून ते छापायची इच्छा आम्हालाही होती. अल्बम माळ्यावर होता. २०२१ च्या पाण्यात त्याची पानं एकमेकांना चिकटली आणि सोडवताना चित्र एका पानावर, चेहरे दुसऱ्या पानावर असं झालं. तेव्हा त्या जागी माशाच्या साच्याचं चित्र दिलं आहे. शेपटी वाकडी दिसते, तो छपाईचा दोष नाही.